जाताना कोकण रेल्वे, येताना दूधसागरचा घाट: खिडकीतून दिसणाऱ्या या सहलीमागे काय काय आहे?

जून उजाडला की तुमच्या फीडवर एक व्हिडिओ हमखास येतो. निळी गाडी, हिरवागार डोंगर, मागे दुधासारखा फेसाळणारा धबधबा, वर एखादं मराठी पावसाळी गाणं आणि खाली कॅप्शन: ‘कोकण रेल्वेचा स्वर्गीय प्रवास, दूधसागर.’

व्हिडिओ खरा असतो. कॅप्शन चुकीचं असतं.

दूधसागर कोकण रेल्वेवर नाही. मुंबईहून रत्नागिरीमार्गे मडगावला जाताना तो कुठल्याच खिडकीतून दिसत नाही. तो आहे मडगावहून लोंढ्याकडे जाणाऱ्या, म्हणजे गोव्यातून सह्याद्री चढून कर्नाटकात जाणाऱ्या वेगळ्याच लाईनवर. ही लाईन कोकण रेल्वेपेक्षा शंभरहून जास्त वर्षं जुनी आहे.

पण या चुकीतून एक भारी सहल सुचते. मुंबईहून गोव्याला कोकण रेल्वेने जायचं आणि परत येताना दूधसागरच्या घाटाने यायचं. जाताना खाड्या, पूल आणि बोगदे. येताना घाट, जंगल आणि धबधबा. ही सहल नेमकी कशी आहे, वाटेत काय दिसतं, ते तिथे का दिसतं आणि पावसाळ्यात या मार्गावर नेमकं काय होतं, हे समजून घेऊ.

आधी थोडक्यात

- जाण्याचा मार्ग: मुंबई, पनवेल, रोहा, चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, मडगाव
- येण्याचा मार्ग: मडगाव, कुळे, कॅसल रॉक, लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे, मुंबई
- जाताना कोकण रेल्वेचा चढ जास्तीत जास्त १५० मीटरला १ मीटर
- येताना दूधसागरच्या घाटात तोच चढ ३७ मीटरला १ मीटर

शेवटचे दोन आकडे लक्षात ठेवा. या दोन्ही प्रवासांत खिडकीतून जे दिसतं, त्यातलं बरंचसं या दोन आकड्यांमुळे दिसतं.

कोकण रेल्वे म्हणजे नेमकी कुठून कुठे?

मुंबईहून सुटलेली गाडी लगेच कोकण रेल्वेवर जात नाही. रोह्यापर्यंतचा मार्ग मध्य रेल्वेचा आहे. कोकण रेल्वे सुरू होते रोह्याला आणि संपते कर्नाटकात मंगळुरूजवळच्या ठोकूरला. सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक या तीन राज्यांतून जातो.

हा मार्ग बांधायला वेगळी कंपनी काढावी लागली. कोकण रेल्वे कॉर्पोरेशनची स्थापना १९ जुलै १९९० ला झाली. तिच्यात केंद्राबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ ही चार राज्यं भागीदार झाली. गंमत म्हणजे केरळमध्ये या मार्गाचा एक मीटरही रूळ नाही. पण मुंबईहून केरळला जायचं अंतर कमी होणार होतं, म्हणून केरळनेही पैसे घातले.

इतकी वर्षं का लागली?

भारतातली पहिली प्रवासी रेल्वे १८५३ मध्ये मुंबईतून धावली. त्याच मुंबईत गिरण्यांपासून गोदीपर्यंत राबणारा कोकणी माणूस मात्र १९९० च्या दशकापर्यंत गावी जायला आधी बोटीवर आणि नंतर एसटीवर अवलंबून होता. दक्षिणेकडे जाणारा रूळ टप्प्याटप्प्याने, रखडत पुढे सरकला. दिवा ते पनवेल १९६४ मध्ये आणि रोह्यापर्यंत पोहोचायला थेट १९८६.

मागणी जुनीच होती. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी ती संसदेत लावून धरली. त्यांच्यानंतर त्याच मतदारसंघातून निवडून आलेले मधु दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. पुढे १९८९ मध्ये दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असा योग जुळला आणि प्रकल्प कागदावरून जमिनीवर आला. कंपनीची सूत्रं ई. श्रीधरन यांच्याकडे गेली. पुढे दिल्ली मेट्रोमुळे देशाला माहीत झाले, तेच श्रीधरन.

अडचण पैशांचीही होती आणि भूगोलाचीही. कोकणात सह्याद्रीपासून निघालेल्या डोंगरसोंडा समुद्राकडे धावतात आणि दोन सोंडांच्या मधून नदी वाहते. उत्तर-दक्षिण जायचं म्हणजे प्रत्येक सोंड आणि प्रत्येक नदी आडवी येणार. गाडी वेगात पळवायची, तर चढ कमी हवा आणि वळणं मोठी हवीत. म्हणून चढ १५० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त ठेवायचा नाही, असं ठरलं.

एकदा हे ठरलं की डोंगराला वळसा घालायची सोय राहत नाही. डोंगर आला की बोगदा, दरी आली की पूल. त्यामुळे या मार्गावर ९० हून जास्त बोगदे आहेत आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल. बोगद्यांची एकूण लांबीच ८० किलोमीटरच्या पुढे जाते.

कातळ फोडणं एकवेळ सोपं, पण मऊ माती कठीण. गोव्यातला पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा. पण पाण्याने भिजलेली माती पुन्हा पुन्हा ढासळत राहिली आणि सगळ्या मार्गाचं घोडं तिथे अडलं. २६ जानेवारी १९९८ ला मार्ग पूर्ण झाल्याचं जाहीर झालं आणि त्याच वर्षी मुंबई ते मंगळुरू थेट गाड्या सुरू झाल्या. साधारण आठ वर्षं आणि सुमारे साडेतीन हजार कोटी रुपये लागले.

या कामात सत्तरहून जास्त माणसांचे जीव गेले. त्यांची आठवण म्हणून रत्नागिरी स्टेशनवर श्रमशक्ती स्मारक आहे. गाडी तिथे थांबते तेव्हा बहुतेक जण चहा शोधत असतात. उतरलात तर दोन मिनिटं तिकडेही जा.

सगळं गोडीगुलाबीनेही झालं नाही. हजारो शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. गोव्यात तर मार्गावरूनच आंदोलन पेटलं. खाडीलगतची खाजन शेती आणि जुन्या गोव्याचा परिसर वाचवायला रूळ आतल्या बाजूने न्या, अशी मागणी होती. काम थांबलं, न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग बसला आणि शेवटी मार्ग बव्हंशी तोच राहिला. आज गोव्यात शिरल्यावर खिडकीतून जी पाणथळ शेती डोळ्यांत भरते, त्यावरूनच हा वाद झाला होता.

खिडकीतून काय काय दिसतं?

मुंबईहून जाताना उजव्या हाताला पश्चिम म्हणजे समुद्राची बाजू आणि डाव्या हाताला सह्याद्री. येताना उलट. एवढं लक्षात ठेवून सीट निवडा.

रोहा ते चिपळूण: सुरुवातीला भातखाचरं आणि वाड्या. मग काळ, सावित्री आणि पुढे वाशिष्ठी या नद्या. वीर सोडलं की डोंगर जवळ येतात. करंजाडी, विन्हेरे, दिवाणखवटी ही छोटी स्टेशनं पावसाळ्यात ढगातच बसलेली असतात. खेडच्या आधी नातूवाडीचा चार किलोमीटरहून लांब बोगदा लागतो.

चिपळूण ते रत्नागिरी: हा टप्पा झोपेत घालवू नका. उक्षी स्टेशनजवळचा रानपाट धबधबा पावसाळ्यात गाडीतून दिसतो. त्यानंतर थोड्याच वेळात करबुडेचा बोगदा. साडेसहा किलोमीटर. २०१३ मध्ये काश्मीरमधला पीर पंजाल बोगदा सुरू होईपर्यंत हा भारतातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा होता. आत शिरलात की मोबाईलची रेंज जाते, डब्यातला आवाज बदलतो आणि लहान मुलं ओरडायला लागतात. पुढची काही मिनिटं काहीच दिसत नाही आणि बाहेर पडल्यावर उजेडाने डोळे दिपतात.

रत्नागिरी ते कुडाळ: रत्नागिरी सोडली की निवसरच्या आधी पानवल नदीवरचा पूल येतो. उंची ६४ मीटर, म्हणजे साधारण वीस मजली इमारत. लांबी मात्र ४२४ मीटरच, त्यामुळे गाडी तो अर्ध्या मिनिटात ओलांडते. मोबाईल काढेपर्यंत पूल संपलेला असतो. आधीच तयार राहा. पुढे राजापूर रोड, वैभववाडी रोड, कणकवली. तांबडी माती, जांभ्याच्या चिऱ्यांची घरं, आंबा-काजूच्या बागा आणि सड्यांवरचं गवत.

पेडणे ते मडगाव: गोव्यात शिरल्यावर देखावा पसरट होतो. थिवी आणि करमळीच्या मधे मांडवी लागते. करमळी स्टेशनला लागूनच तळं आहे आणि थंडीत तिथे पक्ष्यांची गर्दी असते. पुढे झुआरीचा लांब पूल.

वेळ असेल तर मडगावच्या पुढेही जा. कारवारजवळ काळी नदी, कुमठ्याच्या बाजूला अघनाशिनी आणि होन्नावरला शरावती. शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरपेक्षा लांब आहे आणि कोकण रेल्वेवरचा सगळ्यात मोठा आहे. दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. ज्यांना मुद्दाम पूल बघायचे आहेत, त्यांनी हा टप्पा दिवसा करावा.

आणि समुद्र?

इथे अनेकांची निराशा होते. नाव कोकण रेल्वे, पण महाराष्ट्रातल्या जवळजवळ सगळ्या प्रवासात समुद्र दिसत नाही.

कारण पुन्हा नद्याच. समुद्राजवळ खाड्यांची पात्रं रुंद होतात. रूळ किनाऱ्याने नेला असता तर प्रत्येक खाडीवर शरावतीसारखा पूल बांधावा लागला असता. म्हणून मार्ग आतून गेला, जिथे नद्या अरुंद आहेत. तुम्हाला समुद्र दिसत नाही, पण भरतीचं पाणी, मचवे, कांदळवनं आणि नारळाच्या रांगा दिसतात. किनारा बघायचा तर उतरावं लागतं. रत्नागिरीला भाट्ये, मालवण-तारकर्लीसाठी कुडाळ किंवा कणकवली, गोकर्णसाठी गोकर्ण रोड.

एक छोटी पण कामाची गोष्ट. स्टेशनच्या नावात ‘रोड’ असेल, तर गाव स्टेशनपासून लांब आहे असं समजा. राजापूर रोडला उतरून राजापूर शोधत फिरू नका, पुढे एसटी किंवा रिक्षा लागतेच. नावात ‘रोड’ नसलेलं रत्नागिरी स्टेशनसुद्धा शहराबाहेर आहे. रात्री उशिरा पोहोचणार असाल तर पुढच्या गाडीची सोय आधीच करा.

पावसाळ्यात नेमकं काय होतं?

देखावा सगळ्यात सुंदर असतो तो पावसाळ्यात, आणि रेल्वेची कसोटीही तेव्हाच लागते.

रूळ नेण्यासाठी जिथे डोंगर उभा कापला, त्या कापलेल्या भिंतींवरून पावसाळ्यात पाणी वाहतं. खिडकीतून तुम्हाला दिसणारे कित्येक छोटे धबधबे अशाच कटिंगवरून पडत असतात. तेच पाणी माती सैल करतं, दगड सुटतात आणि दरड येते.

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ सुट्टीची विशेष गाडी रुळावर आलेल्या दगडांवर आदळली. पन्नासहून जास्त प्रवासी गेले. वर्ष उलटत नाही तोच, १६ जून २००४ ला करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसलाही तसाच अपघात झाला आणि पुन्हा माणसं गेली.

या दोन अपघातांनंतर कोकण रेल्वेचा पावसाळा बदलला. आज काय केलं जातं?

- वेगळं वेळापत्रक: पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवतात, त्यामुळे वेळा बदलतात आणि काही गाड्यांच्या फेऱ्या कमी होतात. अनेक वर्षं हे वेळापत्रक १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं ठेवलं गेलं.
- ४० चा नियम: मुसळधार पावसात पुढचं नीट दिसत नसेल तर लोको पायलटने वेग ताशी ४० किलोमीटरवर आणायचा.
- जाळ्या आणि भिंती: धोक्याच्या कटिंगवर लोखंडी जाळ्या टाकल्या, उतार कमी केले. दगड पडला तर कळावं म्हणून ताणलेल्या तारेची ‘रक्षा धागा’ ही यंत्रणाही कोकण रेल्वेने तयार केली.
- पाणी आणि वारा मोजणं: काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवर पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे. पानवल, मांडवी, झुआरी आणि शरावती या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजतात.
- माणसं: हे सगळं असूनही रात्रंदिवस रूळ चालत तपासणारी शेकडो माणसं पावसाळ्यात नेमली जातात. धोकादायक कटिंगवर तर चोवीस तास पहारा असतो.

म्हणजे पुढच्या वेळी पावसात गाडी मधेच रेंगाळली, तर चिडून पोस्ट टाकण्याआधी एकदा बाहेर बघा. अंगावर रेनकोट, हातात बॅटरी घेऊन कोणीतरी डोंगराच्या कडेला उभं असेल. गाडी हळू का चालली आहे, ते तो बघतोय.

एवढं करूनही डोंगर ऐकतोच असं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्यात भिंतीचा भाग कोसळला. जुलै २०२४ मध्ये आधी पेडणे भागातल्या बोगद्यात पाणी आणि चिखल शिरला आणि त्याच आठवड्यात खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली. दोन्ही वेळा वाहतूक बंद पडली. मोठ्या भागात आजही एकेरीच रूळ असल्यामुळे एक जागा बंद पडली की अख्खा मार्ग अडतो. रोहा ते वीर हा सुमारे ४६ किलोमीटरचा टप्पा तेवढा २०२१ मध्ये दुहेरी झाला.

आता दूधसागरची लाईन

मडगावहून परतीची गाडी पकडली की अर्ध्या-पाऊण तासात कुळे येतं. इथे सपाटी संपते. गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात, रेल्वेच्या भाषेत बँकर. कारण पुढचा चढ ३७ मीटरला १ मीटर आहे, कोकण रेल्वेच्या चौपट.

ही लाईन इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्या १८७८ च्या कराराचं फळ. मुरगाव बंदराला ब्रिटिश भारताशी जोडायचं होतं. १८८० च्या दशकात घाट बांधून झाला. त्या काळात डोंगराच्या आरपार जाण्यापेक्षा डोंगराच्या अंगाने वळत चढणं सोयीचं होतं. त्यामुळे इथे गाडी वळते, पुन्हा वळते आणि खिडकीतून स्वतःचंच इंजिन दिसतं. कोकण रेल्वेवर हे फारसं दिसत नाही, कारण तिथे वळणं मुद्दाम मोठी ठेवली आहेत. १५० आणि ३७ या आकड्यांमधला फरक तुम्हाला असा डोळ्यांनी दिसतो.

घाटाच्या मधोमध दूधसागर. उंची सुमारे ३१० मीटर. गाडी धबधब्याच्या समोरच्या पुलावरून जाते, पावसाळ्यात तुषार डब्यात येतात. याचं पाणी पुढे मांडवीला मिळतं. म्हणजे जाताना करमळीजवळ जी रुंद, शांत मांडवी ओलांडली, तिचंच हे वरचं, उड्या मारणारं पाणी.

घाट संपतो तिथे कॅसल रॉक. १९६१ पर्यंत ही दोन देशांची हद्द होती. गोवा मुक्त होण्याआधी प्रवाशांचं सामान इथे तपासलं जायचं. आज तिथे तपासणी नाही, फक्त जंगल आहे आणि गाडीची बँकर सुटण्याची वाट बघणं.

दूधसागरला गाडीतून उतरून रुळांवरून चालत जाऊ नका, असं रेल्वे दरवर्षी बजावते. तो भाग अरुंद आहे आणि वळणावर गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. जुलै २०२३ मध्ये रुळांवरून चालत निघालेल्या पर्यटकांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. धबधब्याजवळ जायचंच असेल तर पावसाळ्यानंतर कुळेहून जंगलातून जीप जातात.

एकाच पावसात दोन्ही बंद

कोकण रेल्वे बंद पडली की मुंबई-गोवा गाड्या कुठून वळवतात? याच घाटातून. मडगाव, लोंढा, मिरज, पुणे. म्हणजे तुमचा परतीचा सहलीचा मार्ग हा कोकण रेल्वेचा संकटकाळचा रस्ताही आहे.

जुलै २०२१ मध्ये हे अगदी जवळून दिसलं. वाशिष्ठीला महापूर आला, चिपळूण बुडालं आणि कोकण रेल्वे थांबली. मंगळुरूहून मुंबईला निघालेली एक गाडी म्हणून दूधसागरच्या घाटातून वळवली. २३ जुलैला दूधसागर आणि सोनावळीच्या मधे तिच्यावरच दरड आली आणि इंजिनासह डबा घसरला. नशिबाने कोणाला इजा झाली नाही. एक डोंगर टाळायला गेलेली गाडी दुसऱ्या डोंगरात अडकली.

घाटातली लाईन दुहेरी करायची योजनाही आहे, पण ती भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानातून जाते. २०२० मध्ये याविरोधात गोव्यात मोठं आंदोलन झालं, तरुणांनी सोशल मीडियावर मोहीम चालवली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसल रॉक ते कुळे टप्प्याला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. एक बाजू म्हणते, अजून एक रूळ हवा. दुसरी म्हणते, हे जंगल पुन्हा उभं राहणार नाही. तुमच्या व्हिडिओतला हिरवा रंग या वादाच्या मधोमध आहे.

लोंढा ते मुंबई

लोंढ्यानंतर बहुतेकदा रात्र होते. बेळगाव, मिरज, सातारा झोपेत जातात. पुण्याला गाडी बदलून मुंबई गाठायची, तर शेवटचा देखावा बोरघाटाचा. १८६३ मध्ये सुरू झालेला हा घाटही ३७ ला १ चढाचाच. बांधताना हजारो मजूर मेले. आपण रोजच्या सवयीने तिथे मोबाईल बघत बसतो.

प्लॅन करताना

कोणती गाडी? देखावा बघायचा तर दिवसाची गाडी. मांडवी एक्स्प्रेस सकाळी मुंबईहून निघते, साधारण बारा तास घेते आणि पॅन्ट्रीतल्या खाण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिला थांबे जास्त आहेत, म्हणून वैतागू नका. वाटेत कोकण बघायला मिळतो तो थांब्यांमुळेच. थंडीत मात्र गोव्यात शिरेपर्यंत अंधार पडू लागतो. जनशताब्दी, तेजस आणि वंदे भारत पहाटे सुटतात. जनशताब्दी आणि तेजसला मोठ्या काचांचा विस्टाडोम डबा जोडलेला असतो. वंदे भारत सगळ्यात वेगवान आहे, पण खिडकी उघडत नाही आणि बरंचसं डोळ्यांसमोरून पळून जातं. कोकणकन्या रात्रीची, त्यामुळे रत्नागिरी झोपेतच जाते.

येताना? वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस मडगाव, लोंढा, बेळगाव, मिरज करत पुण्याला येते. दिवसाउजेडी घाट ओलांडला जाईल ना, हे तिकीट काढण्याआधी त्या दिवसाच्या वेळापत्रकात तपासा. अंधारात दूधसागरचा फक्त आवाज येतो.

कधी? भर जुलैत हिरवळ आणि धबधबे सगळ्यात जास्त, पण गाडी रद्द होण्याची शक्यताही जास्त. तेव्हा जाणार असाल तर एक दिवस हाताशी जास्तीचा ठेवा आणि परतल्यावर लगेच विमान किंवा परीक्षा ठेवू नका. सप्टेंबरच्या शेवटी ते ऑक्टोबरमध्ये पाणी असतं आणि पाऊस कमी होतो.

गणपतीत नको. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. त्या दिवसांत मुंबई-ठाण्यातला चाकरमानी गावी जात असतो. फिरायला जाणाऱ्याला वर्षातले बाकीचे दिवस आहेत, त्याला तेवढेच.

दारात उभं राहून शूटिंग नको. बोगद्याची भिंत आणि सिग्नलचे खांब दारापासून अगदी जवळ असतात. मार्ग पूर्ण विद्युतीकरण झालेला आहे, वर जिवंत तारा आहेत. खिडकीतून काढलेला व्हिडिओही चांगला येतो.

आणि व्हिडिओ टाकलात तर कॅप्शन बघून टाका. पानवलला पानवल म्हणा, उक्षीला उक्षी. दूधसागर परतीच्या प्रवासात येईलच.